‘निन्यो’: समुद्र, सोडत, डोळा आणि देवघर – एका स्पॅनिश शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलमध्ये पावसाचा पहिला अंदाज जाहीर झाला की बातम्यांत ‘एल निनो’ येतो आणि पाठोपाठ प्रश्न येऊ लागतात. बहुतेक पावसाबद्दलचे असतात. पण स्पॅनिश शिकणारे, भाषांतर करणारे, गोव्यातले आणि फुटबॉल बघणारेही विचारत असतात, कारण हा शब्द हवामानाच्या आधीही होता आणि हवामानाबाहेरही आहे. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात करून पुढे अपवादांकडे गेलो आहोत.

१. ‘निन्यो’ या शब्दाचा साधा अर्थ काय?

लहान मुलगा. ‘निन्या’ म्हणजे लहान मुलगी. ‘एल’ आणि ‘ला’ ही नामाआधी येणारी उपपदं आहेत, अनुक्रमे पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी. मराठीत उपपद नसल्यामुळे ‘एल निन्यो’चं भाषांतर नुसतं ‘मुलगा’ किंवा संदर्भानुसार ‘तो मुलगा’ असं होतं.

अनेकवचनात मात्र चूक होते. ‘लोस निन्योस’ म्हणजे ‘मुलगे’ही आणि ‘मुलं’ही. आपल्याकडे मूल, मुलगा, मुलगी असे तीन वेगळे शब्द आहेत. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी ‘मूल’ नाही, म्हणून मुलामुलींच्या मिश्र घोळक्याला पुल्लिंगी रूपच वापरतात. शाळेच्या सूचनेत ‘लोस निन्योस’ दिसलं तर ‘मुलं’ असं लिहा. ‘मुलगे’ लिहिलंत तर अर्ध्या वर्गाला सुट्टी दिल्यासारखं होईल.

२. अल निनो, एल निनो, एल निन्यो: बरोबर कोणतं?

मूळ उच्चाराला सर्वांत जवळचं ‘एल निन्यो’. आघात ‘नि’वर येतो. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, त्यामुळे ‘नि’ लिहावं की ‘नी’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. ‘धान्य’ म्हणताना आपल्याकडून ‘न’वर जोर पडतो, तसा इथे द्यायचा नाही. तो एकच तालव्य अनुनासिक आहे, म्हणजे आपल्या वर्णमालेतल्या ‘ञ’चाच ध्वनी. ‘निञो’ असं लिहिलं तर ते शास्त्रशुद्ध होईल, पण वाचणारा अडखळेल. म्हणून ‘न्य’ सोयीचा.

‘अल’ मात्र टाळावं. ते बहुधा अरबी ‘अल’शी गल्लत होऊन आलं असावं. स्पॅनिशमधलं ‘एल’ लॅटिनमधून आलेलं आहे. ‘एल निनो’ हे रूप मराठी वृत्तपत्रांत रुळलेलं आहे आणि ते समजतंही, त्यामुळे तसं लिहिणाऱ्याला चुकीचं ठरवायची गरज नाही. खाली आम्ही ‘निन्यो’ लिहिलं आहे.

३. रोमन लिपीत ‘एन’वर नागमोडी रेघ असते. ती दिली नाही तर काय बिघडतं?

ती सजावट नाही. रेघ असलेलं अक्षर स्पॅनिश वर्णमालेत स्वतंत्र आहे, त्याचं नाव ‘एन्ये’, आणि शब्दकोशात त्याची जागा ‘एन’नंतर आणि ‘ओ’आधी येते. मध्ययुगातले लेखनिक दोन ‘एन’ लिहिण्याऐवजी एकाच्या डोक्यावर खूण करत, तिथून हे अक्षर आलं. रेघ गाळली की शब्दच बदलतो. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष, तर ‘आनो’ म्हणजे गुदद्वार. नववर्षाच्या शुभेच्छा पाठवताना हे आठवलेलं बरं.

टंकण्यासाठी: विंडोजवर ऑल्ट दाबून ठेवा आणि अंकपट्टीवर १६४ टाका, मोठ्या अक्षरासाठी १६५. काही लॅपटॉपवर वेगळी अंकपट्टी नसते आणि वरच्या ओळीतले अंक चालत नाहीत. ‘होत नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेकदा इथेच असते. मॅकवर ऑप्शन आणि एन एकत्र दाबा, सोडा, पुन्हा एन दाबा. फोनवर एन दाबून धरला की पर्याय दिसतात. हवामानाच्या आकडेवारीच्या फायलींमध्ये रेघ नसते, कारण साध्या अक्षरसंचात ती बसत नाही. तिथे ती चूक धरू नये.

४. समुद्राच्या गरम पाण्याला ‘मुलगा’ का म्हणतात?

कारण तो विशिष्ट मुलगा आहे: बाळ येशू. पेरूच्या उत्तरेला पाइता नावाचं बंदर आहे. तिथल्या कोळ्यांना दरवर्षी नाताळाच्या सुमारास किनाऱ्यालगत उत्तरेकडून येणारा एक कोमट प्रवाह दिसायचा. सणाच्या दिवसांत येतो म्हणून त्याचं नाव ‘निन्योचा प्रवाह’. १८९२ मध्ये कामिलो कारिल्यो या नौदल अधिकाऱ्याने लिमाच्या भौगोलिक संस्थेच्या नियतकालिकात त्याची नोंद केली आणि कोळ्यांची ही बोली शास्त्रात आली.

म्हणजे मूळचा निन्यो दरवर्षीचा, काही आठवड्यांचा आणि स्थानिक होता. दर दोन ते सात वर्षांनी येणाऱ्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या आणि अर्धा प्रशांत महासागर व्यापणाऱ्या तापमानवाढीला ते नाव नंतर चिकटलं. आज हवामानशास्त्रात दुसराच अर्थ चालतो.

५. तिथे समुद्रात नेमकं घडतं काय?

एरवी विषुववृत्तावर पूर्वेकडून पश्चिमेकडे व्यापारी वारे वाहतात आणि पृष्ठभागावरचं गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथली समुद्रपातळी पेरूच्या बाजूपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच राहते. पेरूच्या किनाऱ्यावर रिकाम्या झालेल्या जागी खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात आणि प्लवकांवर आंचोवेता हा लहान मासा.

वारे मंदावले की पश्चिमेला साचलेलं गरम पाणी पूर्वेकडे सरकतं. गरम पाण्याचा थर जाड झाल्यामुळे पाणी खालून वर येत राहिलं तरी ते कोमट आणि निःसत्त्व असतं. मासा खोल जातो किंवा दक्षिणेकडे निघून जातो, आणि उत्तर पेरूच्या वाळवंटात पूर येतात. १९७० मध्ये पेरूने १.२ कोटी टनांहून जास्त आंचोवेता पकडला होता. १९७२-७३ च्या निन्योनंतर १९७३ मध्ये हा आकडा २० लाख टनांच्या आसपास आला. दोष एकट्या निन्योचा नव्हता. आधीची बेसुमार मासेमारीही तितकीच कारणीभूत होती.

हाच १९७२ चा निन्यो आपल्या बहात्तरच्या दुष्काळाच्या काळातला. पाइताच्या बंदरात जाळी रिकामी येत होती, तेव्हा इथे माणसं खडी फोडायच्या कामावर होती.

६. ‘ला निन्या’ हे नाव कोळ्यांनीच दिलं का?

नाही. ते शास्त्रज्ञांनी दिलं आणि १९८० च्या दशकात रूढ झालं. मधला प्रशांत महासागर नेहमीपेक्षा थंड होतो त्या उलट अवस्थेला आधी ‘प्रति-एल निन्यो’ म्हणत. पण निन्यो म्हणजे बाळ येशू (प्रश्न ४), मग ‘प्रति-निन्यो’चा अर्थ थेट ‘ख्रिस्तविरोधी’ होऊ लागला. काहींनी ‘एल व्हिएखो’, म्हणजे ‘म्हातारा’, हे नाव सुचवलं होतं, ते टिकलं नाही. व्याकरणातली जोडी जुळवून ‘मुलगी’ आली. तिच्यामागे कुठलीही धार्मिक व्यक्ती नाही. दोन्हींपैकी काहीच नसेल तेव्हा इंग्रजीतले काही हवामानतज्ज्ञ गमतीने ‘ला नादा’ म्हणतात. ‘नादा’ म्हणजे काहीही नाही.

७. ‘निन्यो ३.४’ हा आकडा काय आहे? तापमान की तीव्रता?

दोन्ही नाही. ते समुद्राच्या एका चौकोनाचं नाव आहे. जहाजांच्या मार्गांवरून प्रशांत महासागराचे १ ते ४ असे पट्टे पाडले होते. पेरूच्या किनाऱ्याला लागून असलेले १ आणि २ पुढे एकत्र झाले. पट्टे ३ आणि ४ यांच्या सीमेवरचा भाग जगाच्या हवामानावर सर्वांत जास्त परिणाम करतो असं दिसल्यावर ३.४ हा नवा चौकोन आखला: ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण, १७० ते १२० अंश पश्चिम.

निर्देशांक असा वाचायचा. या चौकोनाचं पृष्ठतापमान दीर्घकालीन सरासरीपेक्षा किती वर-खाली आहे ते काढतात आणि सलग तीन महिन्यांची सरासरी घेतात. रूढ अमेरिकी निकषानुसार असे एकमेकांवर चढणारे पाच त्रैमासिक आकडे सलग ०.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त आले तर तो निन्यो. उणे ०.५ किंवा त्याखाली आले तर ला निन्या. ऑस्ट्रेलियाने आपला उंबरठा ०.८ अंशांचा ठेवला होता, म्हणून एकाच आठवड्यात एक संस्था ‘आला’ आणि दुसरी ‘अजून नाही’ म्हणू शकत असे. एका आठवड्याचा १.० आकडा दाखवून ‘तीव्र एल निनो’ असा मथळा दिला असेल तर तो ग्राह्य धरू नका.

८. एल निन्यो आला म्हणजे महाराष्ट्रात दुष्काळ पडणारच ना?

नाही. सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे सविस्तर उत्तर देतो.

संबंध खरा आहे. प्रशांत महासागरातलं गरम पाणी पूर्वेकडे सरकलं की वर चढणारी हवाही तिकडे सरकते, आणि आपल्या बाजूला हवा खाली उतरण्याकडे कल वाढतो. उतरती हवा ढग वाढू देत नाही. या साखळीचा पहिला दुवा भारतातच सापडला. १९०४ पासून इथल्या वेधशाळांचे महासंचालक असलेले गिल्बर्ट वॉकर दुष्काळाचा अंदाज बांधता यावा म्हणून जगभरची आकडेमोड करत होते. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका त्यांच्या लक्षात आला. तो झोका आणि पेरूचं गरम पाणी एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत हे हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडलं.

पण संबंध म्हणजे हमी नव्हे. १९९७ चा निन्यो शतकातल्या सर्वांत तीव्र निन्योंपैकी एक होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ चा त्याहून बराच सौम्य होता आणि पाऊस ८१ टक्क्यांवर आला. २००९ मध्ये ७८ टक्के, २०१५ मध्ये ८६ टक्के. २०१४ मध्ये निन्यो नीट उभाही राहिला नव्हता आणि पाऊस ८८ टक्केच झाला.

फरक का पडतो? एक, गरम पाणी कुठे आहे त्यावरून. ते प्रशांताच्या मध्यावर असेल तर आपल्याला जास्त बाधतं, पेरूकडे असेल तर कमी. मध्यावरच्या या प्रकाराला ‘एल निन्यो मोदोकी’ म्हणतात. ‘मोदोकी’ हा जपानी शब्द आहे, अर्थ ‘सारखा दिसणारा पण तो नव्हे’. दोन, हिंदी महासागराचा द्विध्रुव. आफ्रिकेकडची बाजू गरम आणि इंडोनेशियाकडची थंड असेल तर निन्योचा फटका बराच भरून निघतो. १९९७ मध्ये तसं झालं होतं. तीन, वेळ. निन्यो सहसा नाताळाच्या आसपास टोकाला जातो, तर आपला पाऊस जून ते सप्टेंबर. जूनमध्ये तो नुकताच अंग धरत असेल तर पूर्वार्ध निभावतो आणि ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे जाऊ शकतात. २०२३ मध्ये हंगाम ९४ टक्क्यांवर संपला, पण ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट होती, १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हंगामाच्या बेरजेत हा खंड दिसत नाही, पण शेतात दिसतो.

शिवाय ‘महाराष्ट्र’ हे एक माप नाही. कोकणात हंगामात साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो. त्यात २० टक्के घटले तरी चोवीसशे उरतात आणि भात उभा राहतो. मराठवाड्यात साडेसहाशेच्या आसपास पडतो. तेवढीच घट झाली की सव्वापाचशेच्या आत येतो, आणि त्यात तीन आठवड्यांचा खंड पडला तर सोयाबीनच्या शेंगा भरत नाहीत.

९. मग बातमीत ‘एल निनोची शक्यता ६० टक्के’ असं वाचलं तर काय करायचं?

आधी तारीख बघा. मार्च ते मे या काळात केलेले प्रशांत महासागराचे अंदाज वर्षात सर्वांत कमी भरवशाचे असतात, कारण त्या काळात समुद्राची जुनी अवस्था मोडत असते आणि नवी ठरायची असते. जूनमधला अंदाज एप्रिलच्या अंदाजापेक्षा जड धरावा. मग ती टक्केवारी कशाची आहे ते बघा. समुद्र तापण्याची शक्यता ६० टक्के, याचा अर्थ पाऊस ६० टक्के पडेल किंवा दुष्काळाची शक्यता ६० टक्के आहे असा होत नाही. मथळ्यांत हे दोन आकडे सर्रास मिसळतात. त्यानंतर भारतीय हवामान खात्याचा पावसाचा स्वतःचा अंदाज वाचा. देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर आहे आणि ९६ ते १०४ टक्के म्हणजे ‘सामान्य’.

पेरणीचा निर्णय निन्योवर सोपवू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल बसल्यावरच पेरायचं, हा नियम निन्यो असो वा नसो तोच राहतो. दुबार पेरणी बहुतेकदा पहिल्या सरीला भुलल्यामुळे होते.

१०. पेरू सरकार ‘एल निन्यो सुरू’ म्हणतं आणि बाकी जग ‘नाही’ म्हणतं. असं कसं?

पेरूला स्वतःच्या किनाऱ्याची काळजी आहे. त्यांचा निर्देशांक १+२ या चौकोनावर (प्रश्न ७) आधारलेला असतो. २०१७ च्या सुरुवातीला मधला प्रशांत सामान्य होता, पण पेरूलगतचं पाणी वेगाने तापलं आणि तिथे प्रचंड पूर आले. अशा घटनेला ‘एल निन्यो कोस्तेरो’ म्हणतात, ‘कोस्तेरो’ म्हणजे किनारी. स्पॅनिश बातमीत हा शब्द असेल तर त्यावरून भारताच्या पावसाबद्दल अनुमान काढू नका.

उलट दिशेचा एक अपवादही आहे. निन्योच्या वर्षी तमिळनाडूचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस वाढण्याकडे कल असतो. तोच मुलगा एका राज्याचं पाणी पळवतो आणि दुसऱ्याला देतो.

११. ‘निन्यो’ किती वर्षांपर्यंत? कायद्यात हा शब्द कसा वापरतात?

बोलीत वयात येईपर्यंत. त्यानंतर ‘आदोलेसेन्ते’, म्हणजे किशोर. कायद्यात मात्र सीमा वेगळी आहे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या स्पॅनिश पाठात ‘निन्यो’ म्हणजे अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगी असली तरीही. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. सतरा वर्षांच्या मुलीला शीर्षकात ‘मुलगा’ म्हणणं अनेकांना खटकतं, म्हणून अलीकडचे कायदे तिन्ही शब्द लिहितात. मेक्सिकोच्या २०१४ च्या कायद्याच्या नावातच ‘निन्यास, निन्योस आणि आदोलेसेन्तेस’ आहेत. मराठीत ‘बालक’ हा एक शब्द पुरतो.

१२. ‘सांतो निन्यो’ आणि गोव्याचा ‘मेनिनो जेझू’ एकच का?

दोन्ही बाळ येशूच, पण शब्द वेगळे. फिलिपीन्समधल्या सेबूची सांतो निन्योची मूर्ती दर्यावर्दी मॅगेलनने १५२१ मध्ये तिथल्या राणीला बाप्तिस्म्याच्या वेळी दिली होती. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी तिथे सिनुलोगचा उत्सव होतो. गोव्यात पोर्तुगीज आले, म्हणून तिथे ‘मेनिनो’. कोलव्याच्या चर्चमधल्या मेनिनो जेझूची ‘फामा’, म्हणजे जत्रा, ऑक्टोबरमध्ये भरते, आणि ‘मेनिनो’ हे गोव्यात माणसांचंही नाव असतं. ‘मेनिनो’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये मुलगा. पोर्तुगीजमध्ये ‘निन्यु’ असा जवळपास तसाच ऐकू येणारा शब्द आहे, पण त्याचा अर्थ घरटं. दोन्ही भाषा शिकणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते.

१३. स्पेनमध्ये ‘एल निन्यो लागला’ म्हणतात ते काय?

सोडत. ६ जानेवारीला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणाच्या दिवशी, स्पेनमध्ये ‘एल निन्यो’ नावाची सरकारी लॉटरी निघते. नाताळाच्या मोठ्या सोडतीनंतरची ही दुसरी मोठी सोडत. तिकिटाच्या दहाव्या हिश्शाला ‘देसिमो’ म्हणतात आणि लोक सहसा तोच विकत घेतात. सोडतीच्या बोलीत ‘ला निन्या बोनिता’, म्हणजे सुंदर मुलगी, हा १५ या आकड्याचा लाडका उच्चार आहे.

१४. चाळिशीतल्या खेळाडूला किंवा म्हाताऱ्या गायकाला ‘निन्यो’ का म्हणतात?

कारण नाव लहानपणी पडतं आणि पुढे तेच राहतं. फुटबॉलपटू फर्नांदो तोरेस ‘एल निन्यो’ म्हणूनच ओळखला जातो. फ्लामेंको गायिका पास्तोरा पावोन (१८९०–१९६९) अखेरपर्यंत ‘ला निन्या दे लोस पेइनेस’ होत्या, म्हणजे ‘कंगव्यांची मुलगी’. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. सत्तरीतले बाळासाहेब आपल्याकडे गावोगाव आहेत.

मध्य अमेरिकेत याच्याही पुढे जातात. एल साल्वादोरमध्ये वयस्क बाईला आदराने ‘निन्या’ लावून हाक मारतात, ‘निन्या मारिया’ अशी. तिथे भाषांतर ‘मारियाताई’ किंवा ‘मारियाबाई’ असं करावं. ‘मुलगी मारिया’ केलं तर साठ वर्षांची बाई गोष्टीत सहा वर्षांची होते.

१५. डोळ्याच्या संदर्भात ‘निन्या’ आलं तर?

‘ला निन्या देल ओखो’ म्हणजे डोळ्याची बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपलं चिमुकलं प्रतिबिंब दिसतं, त्यावरून ही प्रतिमा आली. ती कितीतरी भाषांत आहे. संस्कृतात बाहुलीला ‘कनीनिका’ म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ लहान मुलगी. मराठीने तिची बाहुली केली. वैद्यकीय मजकुरात स्पॅनिशमध्ये ‘पुपिला’ लिहितात. ‘निन्या’ बोलीत आणि वाक्प्रचारात. ‘ला निन्या दे मिस ओखोस’ला मराठीत ‘माझ्या गळ्यातला ताईत’ चपखल बसतं. बुबुळ म्हणजे बाहुलीभोवतीचं रंगीत वर्तुळ. ते स्पॅनिशमध्ये ‘इरिस’, त्याला ‘निन्या’ म्हणत नाहीत.

१६. कोलंबसच्या ‘निन्या’ जहाजाचा मुलीशी संबंध आहे का?

थेट नाही. जहाजाचं अधिकृत नाव ‘सांता क्लारा’. मालक मोगेर गावचा हुआन निन्यो. जहाजाला टोपणनाव देताना मालकाच्या आडनावाचं स्त्रीलिंगी रूप घेतलं गेलं.

१७. भाषांतर करताना हवामानाचा निन्यो कोणता आणि खरा मुलगा कोणता हे कसं ओळखायचं?

स्पॅनिशमध्ये हवामानाच्या घटनेची दोन्ही आद्याक्षरं मोठी असतात, साध्या मुलाची लहान. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्यामुळे ही खूण आपल्याकडे येताना गळून पडते, आणि यंत्रभाषांतरात ‘मुलाने उत्तर पेरू पाण्याखाली नेला’ अशी वाक्यं तयार होतात. उपाय सोपा आहे. हवामानाचा असेल तर भाषांतर न करता ‘एल निन्यो’ ठेवा आणि पहिल्या वेळी अवतरणचिन्हात लिहा. वाक्याच्या सुरुवातीला आलेला ‘एल’ कसाही मोठाच असतो, म्हणून दुसरा शब्द तपासा. मथळा सगळाच मोठ्या अक्षरांत असेल तर क्रियापद बघा. मुलगा रडतो, पडतो, हरवतो. हवामानाचा निन्यो तीव्र होतो, ओसरतो, लांबतो. आणि बातमी ५ किंवा ६ जानेवारीची असेल तर प्रश्न १३ आठवा, तो सोडतीचा असू शकतो.